तीन बावटे लागले की

१२ नोव्हेंबर १९७० रोजी दुपारी 'महाजगमित्र' हे भारतीय मालवाहू जहाज बंगालच्या उपसागरात बुडाले. कोलकात्याहून कुवेतला निघालेले साडेपाच हजार टनांचे जहाज, वर पन्नास माणसे. वाऱ्याचा जोर कळवून मदतीची हाक देण्याइतकाच अवधी त्यांना मिळाला. त्याच रात्री ते वादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चढले. कार्तिकी पौर्णिमेचे उधाण आणि वादळाने रेटत आणलेले पाणी यांची नेमकी गाठ पडली. मेघना नदीच्या मुखाशी भोला, हातिया, मनपुरा अशी गाळाने बनलेली सपाट बेटे आहेत. त्यांच्यावरून पाणी आडवे फिरले. भोला बेटावरच्या तजुमुद्दीन भागात १,६७,००० लोक राहत होते. त्यातले ४५ टक्क्यांहून अधिक एका रात्रीत गेले.

एकूण मेले किती, याचे उत्तर आजही 'तीन ते पाच लाख' असेच ढोबळ दिले जाते. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतले आल्फ्रेड सोमर आणि वायली मोस्ली या दोन अमेरिकी डॉक्टरांनी वादळानंतर गावोगावी पाहणी केली. त्यांचा आकडा किमान २,२४,००० चा निघाला. दिवस भातकापणीचे होते. त्यासाठी बाहेरून आलेले हंगामी मजूर कुठल्याच घरच्या माणसांत मोजले गेले नाहीत. वाचलेल्यांच्या अंगावर या डॉक्टरांना एक विशिष्ट खूण दिसली. छाती, दंडाची आतली बाजू आणि मांड्या सोलवटून निघालेल्या. माणसे रात्रभर झाडाला मिठी मारून राहिली होती. ज्यांच्या हातापायांत तेवढा जोर होता ती तगली. मृतांमध्ये लहान मुले, म्हातारी माणसे आणि बायका जास्त का, याचे उत्तर त्या सोललेल्या कातडीत होते.

वादळ येणार हे लोकांना ठाऊक नव्हते, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात नंतरच्या पाहणीत असे आढळले की बाधित भागातल्या सुमारे ९० टक्के लोकांपर्यंत बातमी पोचली होती. पक्क्या इमारतीचा आसरा घ्यायला गेले ते एक टक्का. या दोन आकड्यांमधल्या अंतराचा हा इतिहास आहे, आणि ते अंतर कापायला बांगलादेशाला पन्नास वर्षे लागली.

लोक उठून का गेले नाहीत? याची कारणे एकात एक गुंतलेली होती. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, असाच मोठा इशारा झाला होता. ते वादळ आले, पण सांगितले होते तेवढे नुकसान झाले नाही. शिवाय साठच्या दशकात किनाऱ्याला मातीचे लांबच लांब बंधारे घातले गेले होते. बंधारा आहे म्हटल्यावर त्याच्या आत राहणारा माणूस निर्धास्त होतो. आणि जायचे म्हटले तरी कुठे? पक्की इमारत मैलोगणती नव्हती. घरात गाय, कोंबड्या, कणगीत भात. ढाक्याच्या रेडिओवरचा कुणी अनोळखी आवाज सांगतो म्हणून हे सगळे सोडून अंधारात, पावसात, लेकरे काखोटीला मारून निघायचे, हे सोपे नाही.

इशाऱ्याची भाषाही त्यांची नव्हती. बंदरावर एक ते दहा क्रमांकांचे संकेत लावायची पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची, आणि ती गलबतांसाठी, जहाजांसाठी. कोकणात पावसाळ्यात 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला' असे आजही ऐकायला मिळते, ते याच घराण्यातले. बंगालच्या किनाऱ्यावर पाच, सहा आणि सात या तिन्ही क्रमांकांच्या वादळाचा जोर सारखाच. फरक इतकाच, की वादळ बंदराच्या एका बाजूने जाणार, दुसऱ्या बाजूने जाणार की थेट डोक्यावरून. आठ, नऊ, दहाचेही तेच. तांडेलाला हे भेद कामाचे. नांगर टाकायचा की शिडे उभारायची, हे त्यावर ठरते. शेतकऱ्याने मात्र हे आकडे शिडीच्या पायऱ्यांसारखे धरले. आठ म्हणजे दहापेक्षा बरे, अजून दोन पायऱ्या बाकी आहेत, तोवर भात आत घेऊन होईल.

त्यानंतरचे राजकारण मराठी वाचकाला परिचयाचे आहे. याह्याखान सरकारने मदतीला केलेली दिरंगाई, डिसेंबरची निवडणूक, अवामी लीगचा विजय, मार्चमधला नरसंहार आणि १९७१ चे युद्ध. आपल्याकडे त्या युद्धाची आठवण इतकी ठळक आहे की त्याच्या आधीच्या नोव्हेंबरातली ती रात्र तिच्या मागे झाकली गेली.

इशाऱ्याची व्यवस्था उभारायची धडपड मात्र त्या रात्रीच्याही आधीची. १९६५ मध्येच पूर्व पाकिस्तानातल्या रेडक्रॉसने जागतिक संघटनेकडे मदत मागितली होती. किनाऱ्यावरच्या लोकांना इशारा पोचवायची काहीतरी व्यवस्था करू या, असे म्हणणे. पुढल्याच वर्षी स्वीडिश रेडक्रॉसच्या साह्याने एक छोटा प्रयोग सुरू झाला. ट्रान्झिस्टर आणि भोंगे वाटले, गावातले काही पुढारपण करणारे लोक निवडून त्यांना शिकवले. १९७० च्या पाण्यापुढे हा प्रयोग फारच तोकडा होता. पण वादळानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने रेडक्रॉस संघटनेला पूर्वतयारीचे काम अंगावर घ्यायला सांगितले, तेव्हा हाताशी निदान एक आराखडा होता. युद्ध संपले आणि १९७२ मध्ये नव्या देशात 'चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम' उभा राहिला. क्लास हागस्ट्रॉम नावाचा स्वीडिश गृहस्थ त्याचा कर्ता मानला जातो. तो किनाऱ्यावरची गावे आणि बेटे हिंडला, आणि सुमारे २०,००० स्वयंसेवकांची बांधणी झाली. वर्षभरात रेडक्रॉसची जागतिक संघटना यातून अंग काढून घ्यायला निघाली, तेव्हा शेख मुजीबांच्या सरकारने १ जुलै १९७३ पासून हा कार्यक्रम सरकार आणि रेडक्रॉस यांचा संयुक्त म्हणून स्वीकारला. तिजोरीत खडखडाट असलेल्या देशाने घेतलेला हा निर्णय मला त्या काळातल्या फार शहाण्या निर्णयांपैकी वाटतो. त्याच वेळी किनाऱ्यावर मातीचे उंच चौथरेही घातले गेले. पाणी आले तर माणसांनी, गुराढोरांनी वर चढून राहायचे. लोक त्यांना 'मुजीब किल्ला' म्हणू लागले.

गावातले पथक कसे असे, ते जरा जवळून पाहू. एक पथक साधारण दोन-तीन हजार वस्तीसाठी. सुरुवातीला दहा जणांचे, पुढे बाराचे, मग पंधराचे. पंधरांचे पाच गट, प्रत्येकी तिघे. एक इशारा देणारा, दुसरा लोकांना निवाऱ्यात नेणारा, तिसरा सुटकेचा, चौथा प्रथमोपचाराचा, पाचवा मदतवाटपाचा. स्वयंसेवक त्याच गावचा हवा, ही अट पक्की. शाळामास्तर, किराणा दुकानदार, कोळी, शेतकरी असे लोक त्यात होते. पगार नाही, भत्ता नाही. प्रशिक्षण मोजक्या दिवसांचे. वादळ कसे जन्मते आणि कसे सरकते, आकड्यांचा अर्थ काय, कोणत्या घरातून कोणाला आधी हलवायचे, बुडालेल्याच्या पोटातले पाणी कसे काढायचे, मोडलेल्या हाताला फळी कशी बांधायची. मग दरवर्षी गावात तालीम. तालमीला जोडून नाटक, गाणी, पडद्यावरचा सिनेमा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचायची हीच वाट.

सामान सांगायचे तर एक ट्रान्झिस्टर, एक कर्णा, हाताने फिरवायचा भोंगा, रेनकोट, गमबूट, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी आणि लाल झेंडे. झेंड्याच्या मधोमध काळा चौकोन. हवामानखात्याचा निरोप ढाक्याहून बिनतारी यंत्राने जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, तिथून गावांच्या गटाला येई. पथकाचा म्होरक्या तो घेऊन ट्रान्झिस्टरशी ताडून पाही. इशारा साधा असेल तर एक झेंडा, धोक्याचा असेल तर दोन, महाधोक्याचा असेल तर तीन. बंदराच्या दहा आकड्यांचे तीन झेंडे झाले. आठ, नऊ की दहा या घोळात गावाने पडायचे कारण उरले नाही. तीन बावटे लागले की घर सोडायचे.

आणि मग दार ठोठावणे. कागदावर हे काम सगळ्यांत किरकोळ दिसते, पण अख्ख्या योजनेचा जीव त्यात आहे. रेडिओला माणूस 'बघू' म्हणू शकतो. अंगणात चिंब भिजून उभ्या राहिलेल्या शाळेच्या मास्तराला 'बघू' म्हणणे जड जाते. त्याने मुलाला पाढे शिकवलेले असतात, त्याचे स्वतःचे घरही वादळाच्या वाटेवरच असते, आणि तो आपली बायकामुले मागे ठेवून आलेला असतो. गाय कुठे बांधू, हा प्रश्न त्याला समजतो. ढाक्यातल्या अधिकाऱ्याला तो सुचणारही नाही.

तरीही पहिली वीस वर्षे या व्यवस्थेला दोन मोठी भोके होती. एक, नवी बेटे. मेघनेच्या मुखाशी गाळ साचून दरवर्षी नवी जमीन वर येते, आणि भूमिहीन माणसे तिच्यावर लगोलग वस्ती करतात. सरकारच्या नकाशात ती जमीन येईतो तिथे संसार मांडलेले असतात. मे १९८५ च्या वादळात असेच उडीरचर धुऊन निघाले. त्या वादळात किनाऱ्यावर मिळून सुमारे ११,००० माणसे गेली. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे जयवर्धने मुद्दाम येऊन ते बेट पाहून गेले.

दुसरे भोक मोठे होते, आणि ते २९ एप्रिल १९९१ च्या रात्री उघडे पडले. चित्तगावच्या किनाऱ्यावर ताशी सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक वेगाचे वादळ, सहा मीटर उंचीचे पाणी. या वेळी स्वयंसेवक होते, भोंगे वाजले, कर्णे घेऊन पोरे रस्त्यांवरून ओरडत फिरली. साडेतीन लाखांच्या आसपास लोक निवाऱ्यांत गेले. तरी १,३८,००० माणसे मेली, आणि त्यात निरोप देत फिरणारे काही स्वयंसेवकही होते. निवारेच फार थोडे होते, हे खरे कारण. पण त्याच्या आतही एक कारण होते. नंतर झालेल्या एका पाहणीत सर्वाधिक झळ पोचलेल्या भागातले चित्र पुढे आले. पक्क्या इमारतीपर्यंत जे पोचले ते सगळेच्या सगळे वाचले. जे पोचले नाहीत त्यांतले २२ टक्के गेले. दहा वर्षांखालच्या मुलांत मरणाचे प्रमाण २६ टक्के, आणि चाळिशीपुढच्या बायकांत ३१ टक्के.

चाळिशीपुढची बाई म्हणजे घरची कर्ती. पुरुष चित्तगावला कामावर किंवा मासेमारीला. त्याच्या परवानगीवाचून घर सोडायचे कसे? निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची, तिथे बायकांना वेगळी खोली नाही, संडास नाही. अंगावर पाच-सहा वार साडी, पोहता येत नाही. आणि कर्ण्यावरून ओरडणारा स्वयंसेवक पुरुष. तो रस्त्यावरून हाक देऊन पुढे जाई, पडद्याआडच्या अंगणात त्याला पाऊल टाकता येत नसे. हाक घरात पोचली, पण घरातल्या बाईशी कुणी बोलले नाही. १९७० च्या रेडिओची जी गत, तीच थोड्या अंतरावरून पुन्हा.

१९९१ नंतर पथकांत बायका आल्या. पंधरांत पाच, असे प्रमाण ठरले. गावातल्या थोरांना हे रुचायला वेळ लागला. रात्री-अपरात्री सुनेने रेनकोट घालून फिरायचे, ही कल्पनाच अनेकांना पचत नव्हती. पण बाई स्वयंसेवक थेट चुलीपर्यंत जाते. कोण गरोदर आहे, कोणाची सासू अंथरुणाला खिळली आहे, कोणाचा नवरा बाहेरगावी आहे, हे तिला विचारावे लागत नाही. भाताची आणि बियाण्याची मडकी कुठे पुरायची, हेही तीच सांगते. त्याच सुमारास निवाऱ्यांचा एक मोठा आराखडा तयार झाला. जमिलूर रझा चौधुरी हे नावाजलेले अभियंते त्याच्या मुळाशी होते. मुख्य कल्पना अशी, की निवारा वर्षभर प्राथमिक शाळा म्हणून वापरायचा. खांबांवर उभी इमारत, खालचा मजला मोकळा, म्हणजे पाणी खालून निघून जाईल. मूल रोज जिथे जाते तिथे आईला रात्री जायला तितकीशी भीती वाटत नाही, हा त्यातला न लिहिलेला फायदा. बांधकामाचा खर्च आणि निवाऱ्यांची संख्या अहवालांत ठळक येते, स्वयंसेवकाची हाक येत नाही. मला विचाराल तर सिमेंटला या यशातला वाटा जरा जास्तच मिळाला आहे.

१५ नोव्हेंबर २००७ रोजी 'सिडर' आले, १९९१ च्या तोडीचे. तोवर पथकांत ४२,००० हून अधिक स्वयंसेवक होते. सुमारे १५ लाख लोक निवाऱ्यांत गेले. मेले ३,४०० च्या घरात. हा आकडा लहान मुळीच नाही, पण १,३८,००० शी तो ताडून पाहावा. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्याकडेही कारण होते. दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, सुमात्राच्या भूकंपानंतर त्सुनामीचा इशारा झाला होता, लोकांनी घरे सोडली होती आणि समुद्र जागचा हलला नव्हता. खोट्या ठरलेल्या इशाऱ्याची किंमत पुढल्या इशाऱ्याला मोजावी लागते, आणि ती वसूल होते दारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाकडून. पुढच्या वर्षी मे महिन्यात 'नर्गिस' वादळ शेजारच्या म्यानमारमध्ये इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात शिरले. तीच सपाट जमीन, तीच भातशेती, तसलेच पाणी. तिथे अशी पथके नव्हती. मृत आणि बेपत्ता मिळून १,३८,००० च्या आसपास. बांगलादेशाचा १९९१ चा आकडा सतरा वर्षांनी शेजारी पुन्हा उमटला.

२००९ च्या 'आयला'नंतर खुलना-सातखीराकडच्या तालुक्यांतही पथके उभी राहिली. स्वयंसेवकांची संख्या ७६,००० च्या वर गेली आणि पथकात निम्म्या बायका हा नियम झाला. भारतात २०१६ मध्ये 'आपदा मित्र' योजना सुरू झाली तेव्हा २५ राज्यांतल्या ३० जिल्ह्यांत प्रत्येकी २०० असे एकूण ६,००० स्वयंसेवक तयार करायचे ठरले होते. बंगालच्या किनाऱ्यावर त्याच्या तिपटीहून जास्त लोक १९७२ मध्येच उभे होते.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट बोचते. जगभरच्या परिषदांतून ज्या व्यवस्थेचे दाखले दिले जातात, ती गरिबांच्या फुकटच्या श्रमावर चालते. पगारी कर्मचारी मोजकेच. बाकी सगळे आपल्या रोजगारावर पाणी सोडून फिरणारे. त्यांना मिळते ते गावातले मोल, आणि तालमीच्या दिवशीचे जेवण. हीच या योजनेची ताकद, कारण पैशासाठी येणारा माणूस दहा नंबरच्या वाऱ्यात घराबाहेर पडत नाही, असे म्हणणारे आहेत. ते म्हणणे अगदीच चूक नाही. पण ते बहुधा निवाऱ्याच्या कोरड्या मजल्यावरून बोलत असतात. मे २०२० मध्ये 'अम्फान' आले तेव्हा करोनाची साथ ऐन भरात होती. २४ लाख लोकांना हलवायचे, तेही अंतर राखून. चौदा हजारांवर ठिकाणे उघडली, शाळा-महाविद्यालयेही त्यात घेतली. बांगलादेशातली जीवितहानी पंचविशीच्या आसपास राहिली. त्यात पटुआखालीतल्या कलापाडा भागातला एक स्वयंसेवक होता. लोकांना सावध करायला निघालेली त्याची होडी खाडीत उलटली.

आता या व्यवस्थेपुढचा सगळ्यांत अवघड गाव कॉक्सबझारच्या टेकड्यांवर आहे. म्यानमारमधून, मुख्यतः २०१७ मध्ये, पळून आलेले रोहिंग्या तिथल्या छावण्यांत दहा लाखांच्या आसपास राहतात. घरे बांबूची आणि ताडपत्रीची. पक्के बांधायला सरकारची परवानगी नाही, कारण पक्के घर म्हणजे मुक्काम पक्का. छावणीचे कुंपण ओलांडून गावच्या निवाऱ्यात जायचीही मुभा नाही. २०१८ पासून तिथेही पथके उभी केली, तीन हजारांहून अधिक रोहिंग्या तरुण-तरुणी शिकवून तयार केल्या. तेच लाल झेंडे, तेच कर्णे, हाक त्यांच्या बोलीत. १४ मे २०२३ रोजी 'मोचा' आले, तेव्हा तीन बावटे तिथेही लागले. स्वयंसेवकांनी उतारावरची कुटुंबे उचलून छावणीतल्या मशिदींत, शिकवणीच्या खोल्यांत, नातेवाइकांच्या जरा बऱ्या खोपट्यांत नेली. त्याहून भक्कम असे जवळपास काहीच नव्हते. वादळाने शेवटच्या टप्प्यात वाट बदलली आणि मुख्य तडाखा म्यानमारला बसला. छावण्यांतली हजारो खोपटी मोडली, पण माणसे वाचली. सीमेपलीकडे सित्त्वेच्या आसपास त्यांच्याच जातभाईंच्या वस्त्या होत्या. म्यानमारच्या लष्करी सरकारने स्वतः सांगितलेला मृतांचा आकडा १४५ होता, आणि त्यातले बहुतेक रोहिंग्या होते.